आयकॉन घेतले, मोजणी सोडली: चित्ररूप सांख्यिकी आणि आजचं ग्राफिक डिझाइन

प्रश्न असा आला आहे: "ओटो नॉयराटच्या चित्ररूप सांख्यिकीचा, म्हणजे आयसोटाइपचा, आजच्या ग्राफिक डिझाइनवर नेमका काय प्रभाव पडला? आजचे सगळे आयकॉन तिथूनच आले असं आम्हाला कॉलेजात शिकवलं, ते खरं का?"

अर्धं खरं आहे. जे अर्धं शिकवलं जात नाही ते मात्र जास्त कामाचं आहे. मी बरीच वर्षं वर्तमानपत्रांसाठी आणि आरोग्यविषयक पत्रकांसाठी आकड्यांची चित्रं करतो आहे, त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकतो. डिझाइनच्या धंद्यानं आयसोटाइपकडून चिन्हं उचलली आणि मोजणी तिथेच ठेवली. नॉयराट आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या लेखी चिन्ह हे शेवटच्या पायरीवरचं साधन होतं. खरं काम त्याच्या बरंच आधी सुरू व्हायचं.

पहिल्या महायुद्धानंतरचं व्हिएन्ना डोळ्यांसमोर आणा. साम्राज्य कोसळलेलं, घरांची भीषण टंचाई, क्षयरोगाचा विळखा. शहराची सत्ता समाजवाद्यांच्या हाती आली आणि १९२३ ते १९३४ या काळात पालिकेनं साठ हजारांहून जास्त घरं बांधली. कराचा पैसा कुठे जातो, बालमृत्यू कुठल्या वस्तीत जास्त होतात, हे ज्यांच्यासाठी सगळं चाललंय त्या कामगारांना कळलं पाहिजे, असं नॉयराटचं म्हणणं. हा माणूस अर्थशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञांच्या 'व्हिएन्ना वर्तुळा'तला एक बिनीचा सदस्य, आणि पत्राखाली सही म्हणून हत्ती काढणारा अवलिया. १९२५ मध्ये त्यानं व्हिएन्नात 'समाज आणि अर्थव्यवस्था संग्रहालय' सुरू केलं. त्यात तलवारी नव्हत्या, नाणी नव्हती. होते ते तक्ते, नकाशे आणि प्रतिकृती. कामगार दिवसा कारखान्यात असतो, म्हणून संग्रहालय संध्याकाळी आणि रविवारी उघडं ठेवायचं, इतका साधा व्यावहारिक विचार त्यामागे होता. या रीतीला आधी 'व्हिएन्ना पद्धत' म्हणत. आयसोटाइप हे नाव १९३५ मध्ये, व्हिएन्ना सुटल्यानंतर पडलं.

या पद्धतीचा कणा असलेला नियम एका ओळीत सांगता येतो: आकडा वाढला तर चित्रांची संख्या वाढवा, चित्राचा आकार वाढवू नका. का, ते पाण्याच्या टँकरवर पाहू. एका तालुक्यात गेल्या वर्षी ५० टँकर होते, यंदा १०० झाले. हौशी डिझायनर एक छोटा टँकर काढतो आणि शेजारी त्याच्या दुप्पट उंचीचा दुसरा. उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, म्हणजे कागदावर क्षेत्रफळ चौपट. टँकर ही भरीव वस्तू असल्यामुळे काही डोळे ते आकारमान म्हणून वाचतात, म्हणजे आठपट. आकडा खरा, चित्र खोटं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांख्यिकीच्या लोकप्रिय कोशांत अशी लहानमोठी चित्रं सर्रास असत. अमेरिकेत विलार्ड ब्रिंटननं १९१४ मध्येच आपल्या पुस्तकात त्यावर टीका केली होती आणि सारख्या मापाच्या आकृत्या रांगेत मांडायला सांगितलं होतं. त्यामुळे ही कल्पना एकट्या नॉयराटची नाही. पण ब्रिंटननं ती एक सूचना म्हणून दिली. व्हिएन्नात तिची शिस्त झाली, आणि त्या शिस्तीपायी एक अख्खी चमू कामाला लागली.

त्या चमूतली जी भूमिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिला ते 'ट्रान्सफॉर्मर' म्हणत. हे काम मुख्यतः मारी राइडमाइस्टर करायची. ती मूळची जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची, गॉटिंगेनला गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेली, शिवाय चित्रकलेचंही शिक्षण घेतलेली. पुढे १९४१ मध्ये तिनं नॉयराटशी लग्न केलं. कामाची साखळी अशी असे: एका टोकाला तज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ, आकडे जमवणारे. दुसऱ्या टोकाला चित्रकार. मध्ये मारी. ती तज्ज्ञांकडून आकडे घेई, त्यातलं काय लोकांपर्यंत जायला हवं ते ठरवी, काय गाळायचं ते ठरवी, तुलना कशाची कशाशी करायची, एका चित्राची किंमत किती धरायची (म्हणजे एक चित्र किती आकड्याचं), रांगा कशा लावायच्या याचं कच्चं रेखाटन करी. मग ते चित्रकाराकडे जाई. आकड्यांच्या बाबतीत ट्रान्सफॉर्मर हा जनतेचा विश्वस्त आहे, अशी त्यांची धारणा होती. आज आपल्या स्टुडिओंत एका टोकाला एक्सेलची फाइल असते, दुसऱ्या टोकाला इलस्ट्रेटर हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडून बसलेला मुलगा असतो, आणि मधली खुर्ची रिकामी असते.

मधल्या खुर्चीचं काम दिसावं म्हणून एक तक्ता घेऊ. इंग्लंडमध्ये घरी होणारं विणकाम आणि कारखान्यातलं विणकाम यांचा हा तक्ता नॉयराटच्या १९३९ सालच्या इंग्रजी पुस्तकात आहे. काळ १८२० ते १८८०. काळा माणूस म्हणजे घरी मागावर बसणारे १०,००० विणकर, लाल माणूस म्हणजे कारखान्यातले १०,००० विणकर, आणि निळं चिन्ह म्हणजे ५ कोटी पौंड वजनाचं उत्पादन. वरून खाली काळ सरकतो. वरच्या ओळीत काळ्या माणसांची लांबलचक रांग, लाल जेमतेम. खाली येता येता काळे विरळ होत नाहीसे होतात, लाल वाढतात, पण लालांची वाढ निळ्याच्या मानानं काहीच नाही. कापडाचा डोंगर झाला, माणसं मात्र तेवढी लागली नाहीत. यंत्रानं काय केलं याचं एवढं नेमकं उत्तर एका पानात, एकही टक्केवारी न वापरता.

यात चित्रकाराची करामत किती आहे? माणूस साधा, चिन्ह साधं. करामत आहे ती तीन वेगवेगळ्या आकडेमालिका एकाच चौकटीत आणण्यात. उत्पादनाचा बार चार्ट वेगळा, मजुरांचा वेगळा काढला असता तर दोन्ही अचूक असूनही वाचणाऱ्याला काही कळलं नसतं. इचलकरंजीत किंवा मालेगावात वाढलेल्या वाचकाला हा तक्ता समजावून सांगावा लागणार नाही, हे जाता जाता.

आता चिन्हांकडे येऊ. सुरुवातीच्या आकृत्या कागद कापून केलेल्या, थोड्या ओबडधोबड होत्या. १९२८-२९ च्या सुमारास जर्मन चित्रकार गेर्ड आर्न्ट्स व्हिएन्नात आला आणि तक्त्यांचं रूप पालटलं. तो मूळचा लाकूड आणि लिनोलियम कोरून ठसे काढणारा, डाव्या विचारांचा कलावंत. त्यानं चिन्हं लिनोवर कोरली. ठसा तयार झाला की एकच माणूस हजारदा तसाच छापता येतो आणि कापून तक्त्यावर चिकटवता येतो. मोजणीला जी एकसारखी आकृती लागते ती छपाईतून आपोआप मिळाली. आयुष्यभरात त्यानं सुमारे ४,००० चिन्हं केली. त्याचा बेकार माणूस पाहा: हात खिशात, मान किंचित खाली, बस. चेहरा नाही, तरी सगळं कळतं. चिन्हांची जोडणीही ठरलेली होती. बुटाचं चिन्ह आणि कारखान्याचं चिन्ह एकत्र केलं की बुटांचा कारखाना. शब्दांसाठी पाउल रेनरचा फुटुरा हा तेव्हाचा नवा टाइप, १९२७ मध्ये बाजारात आलेला. छायाप्रकाश नाही, पर्स्पेक्टिव्ह नाही, सजावटीचा रंग नाही. रंग बदलला म्हणजे अर्थ बदलला पाहिजे. १९३० मध्ये लाइपझिगहून शंभर तक्त्यांचा सुटा संच प्रसिद्ध झाला. तो आजही उघडला तर जुनाट वाटत नाही. सपाट रंग, एकच जाडी, आखीव चौकटींची ग्रिड, सेरिफ (टोकांच्या बारीक आडव्या रेघा) नसलेली अक्षरं: हे आपण 'फ्लॅट डिझाइन' म्हणून २०१३ च्या आसपास मोबाइलच्या पडद्यावर नव्यानं पाहिलं.

पुढचा इतिहास पळापळीचा आहे. १९३१ पासून ही मंडळी मॉस्कोतल्या 'इझोस्टॅट' या संस्थेला पद्धत शिकवत होती. फेब्रुवारी १९३४ मध्ये ऑस्ट्रियात यादवी झाली, समाजवाद्यांचा पाडाव झाला, नॉयराट तेव्हा मॉस्कोतच होता. तो व्हिएन्नाला परतला नाही. बिऱ्हाड हेगला हललं. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्यावर ओटो आणि मारी समुद्रातल्या बचाव नौकेतून इंग्लंडला निसटले, तिथे काही महिने नजरकैदेत काढले, सुटल्यावर ऑक्सफर्डला संस्था काढली. डिसेंबर १९४५ मध्ये नॉयराट गेला. मारी पुढे १९७१ पर्यंत काम करत राहिली. मुलांसाठी विज्ञानाची चित्रमय पुस्तकं केली, पश्चिम नायजेरियाच्या सरकारसाठी पत्रकं केली. सगळे कागद आज रेडिंग विद्यापीठात आहेत.

मॉस्कोच्या अध्यायावर थोडं थांबायला हवं. सोव्हिएत पंचवार्षिक योजनेच्या प्रचाराचे तक्ते या पद्धतीनं निघाले, आणि ते दिसायला व्हिएन्नातल्या तक्त्यांइतकेच नीटनेटके होते. सारख्या मापाची चित्रं रांगेत लावली की तक्ता प्रामाणिक होतो असं नाही. पद्धत चित्राला शिस्त लावते, आकड्याची जामीन राहत नाही. हल्ली सरकारी योजनांच्या जाहिरातींत 'इतके कोटी लाभार्थी' असं चिन्हांच्या रांगेसकट छापलेलं दिसतं तेव्हा लाभार्थी म्हणजे अर्ज केलेला, मंजुरी मिळालेला की पैसे खात्यात आलेला, हे विचारणारी मधली खुर्ची पुन्हा आठवते.

चिन्ह आणि मोजणी यांची फारकत कुठे झाली? माझ्या मते अमेरिकेत. व्हिएन्नाच्या संग्रहालयात काम केलेला रुडॉल्फ मोडली १९३० मध्ये तिकडे गेला, १९३४ मध्ये त्यानं चित्ररूप सांख्यिकीची स्वतःची कंपनी काढली. मंदीचा काळ, सरकारी खात्यांना लोकांना बरंच काही समजावून सांगायचं होतं, धंदा चालला. मोडली माणूस हुशार आणि व्यवहारी. चिन्हांचे तयार कागद विकत मिळण्याची सोय त्यानं केली आणि १९४२ मध्ये तर एक हजार चिन्हांचा संग्रहच प्रसिद्ध केला. कापा आणि चिकटवा. इथे चिन्ह हा सुटा माल झाला. घेणाऱ्यानं त्याचं काय करायचं हे सांगायला ट्रान्सफॉर्मर सोबत येत नव्हता. आज आपण ज्या साइटवरून आयकॉनचे संच उतरवून घेतो त्यांचा मूळपुरुष शोधायचा तर मी नॉयराटचं नाही, मोडलीचं नाव घेईन.

सुटी झालेली चिन्हं मग दिशादर्शक पाट्यांकडे वळली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कात्सुमी मासारू यांच्या देखरेखीखाली खेळांची आणि सोयींची चिन्हं तयार झाली. लिपी न वाचता येणारे हजारो पाहुणे येणार होते, गरज खरी होती. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी जर्मन डिझायनर ओट्ल आयशरनं सरळ, आडव्या आणि ४५ अंशांच्या रेषांच्या जाळीवर खेळाडू बसवले. १९७४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्यासाठी ३४ चिन्हांचा संच निघाला, १९७९ मध्ये तो ५० चा झाला. तो कुणीही मोफत वापरावा असा असल्यामुळे आज जगातल्या बहुतेक विमानतळांवर स्वच्छतागृहाबाहेर उभी असलेली ती बाहुली त्याच घराण्यातली दिसते. आर्न्ट्सच्या बिनचेहऱ्याच्या माणसाशी तिचं साम्य उघड आहे.

पण म्हणून सगळंच व्हिएन्नाच्या खात्यावर मांडू नका. वळण, खड्डा, चौरस्ता, रेल्वे फाटक यांची धोक्याची चिन्हं १९०९ च्या पॅरिस करारातच ठरली होती. नॉयराटचं संग्रहालय तेव्हा स्वप्नातही नव्हतं. आपली निवडणूक चिन्हंही वेगळ्या गरजेतून आली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर चिन्ह. तिथे ओळख पटवणं एवढंच काम होतं, मोजणीचा संबंध नव्हता. इमोजीचंही तसंच. शिगेताका कुरितानं १९९९ मध्ये १२ बाय १२ ठिपक्यांत १७६ चित्रं बसवली, त्यामागे जपानी कॉमिक्सचा हात आयसोटाइपपेक्षा मोठा आहे. भारतात चित्रांतून अर्थव्यवस्था समजावण्याची लाट मात्र खरोखर आली होती. मुंबईचे मिनू मसानी यांचं १९४० सालचं मुलांसाठीचं पुस्तक आणि मग १९४५ मध्ये 'बॉम्बे प्लॅन', म्हणजे उद्योगपतींनी मांडलेली देशाच्या विकासाची योजना, समजावणारं त्यांचंच दुसरं पुस्तक जुन्या बाजारात मिळालं तर जरूर घ्या.

मग चित्ररूप तक्त्यांची बदनामी का झाली? १९८० च्या आसपास मासिकांत रंगीत इन्फोग्राफिकचं पेव फुटलं. तेलाच्या भावाचा तक्ता म्हटला की तेलाची पिंपं लहानमोठी, तीही तिरक्या कोनातून. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टीनं १९८३ मध्ये आपल्या पुस्तकात या सजावटीला 'चार्टजंक', म्हणजे तक्त्यातला कचरा, म्हणून झोडपलं आणि चित्रातला फरक भागिले आकड्यातला फरक असं खोटेपणाचं मापही दिलं. टीका रास्त होती. गंमत अशी की ज्या दोषावर तो तुटून पडला, त्याच दोषावर नॉयराटचा नियम साठ वर्षं आधीपासून उभा होता. पण हा भेद करायला कुणाला वेळ होता? चित्र दिसलं की बालिश, असा शिक्का डिझाइन शाळांत बसला तो बसलाच.

चित्रांमुळे तक्ता वाचायला खरंच अडचण होते का, हे २०१५ मध्ये हॅरोझ, कोसारा आणि फ्रँकोनेरी या संशोधकांनी प्रयोग करून तपासलं. निष्कर्ष आमच्या रोजच्या अनुभवाशी जुळणारा निघाला: चित्र स्वतः आकडा दाखवत असेल, म्हणजे रांगेत मोजलं जात असेल, तर ते वाचायला अडचण करत नाही, उलट लक्षात राहायला आणि लक्ष वेधायला मदत करतं. तेच चित्र बार चार्टच्या मागे शोभेला टाकलं तर व्यत्यय आणतं. नॉयराटचंही म्हणणं होतं की अचूक आकडे विसरण्यापेक्षा ढोबळ चित्र लक्षात राहिलेलं बरं.

अस्सल वारसा आज कुठे दिसतो म्हणाल तर वैद्यकशास्त्रात. एखाद्या तपासणीचा किंवा औषधाचा धोका सांगताना शंभर माणसांची चौकट काढतात आणि त्यातली तीन रंगवतात. 'धोका पन्नास टक्क्यांनी वाढतो' हे ऐकून घाबरलेल्या माणसाला शंभरात दोनचे तीन झाले हे दिसलं की तो शांतपणे विचार करू लागतो. इथे चिन्ह परत मोजणीकडे आलं आहे, आणि रंगवलेले तीन सोडून उरलेले सत्त्याण्णवही दाखवले आहेत. उरलेले दाखवणं हेच ट्रान्सफॉर्मरचं काम.

आयसोटाइपचं सगळंच गोड मानून घेऊ नका. जगातल्या लोकांचे गट दाखवताना त्यांनी टोप्या आणि फेट्यांचा आधार घेतला. कुणाला शंकूसारखी टोपी, कुणाला फेटा, आणि युरोपियन माणसाला हॅट. चिन्ह जितकं साधं करू तितका कुणाचा तरी साचा बनतो, यातून ते सुटले नाहीत, आपणही सुटलेलो नाही. २०२० मध्ये दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलांवर पुरुषाच्या जागी बाईची आकृती आली. बदल स्वागतार्ह. पण तिची खूण काय, तर त्रिकोणी झगा. दादरच्या फूलबाजारातून निघालेल्या बायकांपैकी तसा झगा किती जणींच्या अंगात असतो? साडीचं किंवा पंजाबी ड्रेसचं चिन्ह दहा मीटरवरून, दिव्याच्या ठिपक्यांत ओळखू येईल असं करणं अवघड आहे हे मला मान्य. ते काम कुणीतरी बसून करायला हवं एवढंच.

आता तुम्हाला कामात काय उपयोगी पडेल ते. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांत 'रुपया असा येतो, असा जातो' हे नाणं छापून येतं. नाण्याचा पाय चार्ट, बहुधा तिरका केलेला, त्यामुळे पुढचे तुकडे मोठे आणि मागचे लहान भासतात. शंभर पैसे शंभर ठिपक्यांत मांडून पाहा, दहाच्या दहा रांगा. व्याजात किती पैसे जातात हे मोजता येतं, आणि शेजारी गेल्या वर्षीची चौकट ठेवली तर बातमीही हाती लागते. हे मी संपादकांना सांगत आलो आहे. नाणं मात्र अजून छापलं जातंच.

चित्राची किंमत अशी धरा की सर्वांत मोठ्या रांगेत वीसपंचवीसपेक्षा जास्त चिन्हं येणार नाहीत आणि सर्वांत लहान रांगेत निदान एखादं तरी पूर्ण येईल. तसं होत नसेल तर हा विषय चित्ररांगेचा नाही, सरळ बार काढा. दर पाच किंवा दहा चिन्हांनंतर बारीकशी फट ठेवा, डोळा गठ्ठ्यानं मोजतो. माणूस अर्धा कापू नका. पोत्याला चालतं, माणसाला नाही. काळ वरून खाली न्या, संख्या आडवी. वेगवेगळ्या संचांतले आयकॉन एका तक्त्यात मिसळू नका, कारण रुंदी वेगळी असली की आठांची रांग नवांच्या रांगेपेक्षा लांब दिसते. त्यासाठी प्रत्येक चिन्ह एकाच मापाच्या अदृश्य चौकटीत बसवून घ्या. देवनागरीत एक जास्तीची अडचण आहे. शिरोरेषेवरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार यांना जागा लागते, म्हणून चिन्हांच्या ओळींतलं अंतर इंग्रजी नमुन्यावरून उचललंत तर नावं एकमेकांवर चढतात. आधी मराठी नावं लावा, मग ओळींची उंची ठरवा. आणि 'एक चित्र म्हणजे किती' ही ओळ तळाच्या कोपऱ्यात बारीक टाइपात दडवू नका. ती पहिल्या रांगेच्या डोक्यावर, नावांच्याच मापात छापा.